देवघराची चप्पल

नागपूर
२८ मार्च २०२५

प्रति,
यमुताई, माझी थोरली आणि एकुलती एक बहीण,
मुक्काम रामटेक.

विषय : डावा पाय.

ताई,

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे वर विषय लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. हसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

महिन्यापूर्वी माझ्या बुटात एक टाचणी पडली. जन्मभर कागदाला लावली ती टाचणी. मी ती पायात घेऊन दिवसभर फिरलो. बँकेत गेलो, भाजी आणली, जिना चढलो. संध्याकाळी अबोली सूनबाईनं फरशीवर लाल ठिपके पाहिले आणि विचारलं, बाबा, कुंकू सांडलं का? बूट काढला तेव्हा कळलं. एकोणीस वर्षांच्या शुगरनं तळपाय बधिर झालेत. टाचणी टोचली हे पायानं मला सांगितलंच नाही.

पंधरा दिवस घरीच मलम लावत बसलो, हा माझा गाढवपणा. अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली, तिला वास यायला लागला. पहिल्या सर्जननं सांगितलं, अर्धं पाऊल कापावं लागेल. ते ऐकून माझा मुलगा अपूर्व माझ्याआधी खुर्चीत बसला. मग कुणीतरी धंतोलीतला एक छोटा दवाखाना सांगितला. तिथं फक्त शुगरवाल्यांचे पाय बघतात. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तपुरवठा चांगला आहे, हाड शाबूत आहे, बारा आठवडे द्या. बारा आठवड्यांत जखम भरली तर पाय तुमचा, हाडापर्यंत गेली तर कापायचा.

त्यांच्या अटी बऱ्याच आहेत, पण एकीवर मी अडलोय. जखमेवर भार पडू नये म्हणून त्यांनी एक जाड सँडल दिलीय. ती घरातसुद्धा काढायची नाही. न्हाणीत नाही, स्वयंपाकघरात नाही, देवघरातही नाही. आईचा नियम तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आजवर आपल्या घरी कुणाची चप्पल आली नाही. आई नाही, आता मोठी तू. तरी ह्याबाबत मार्गदर्शन व्हावे ही विनंती.

तुझ्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. एकही भाऊबीज मी चुकवली नाही. यंदा तुझ्या दारी दोन पायांवर येईन की कसा, ते आता ठरायचं आहे.

तुझा,
गिरिधर


रामटेक
४ एप्रिल

गिरिधर,

विषय डावा पाय म्हणे. पाय का सरकारी जमीन हाय गा? पत्र दोन डाव वाचलं, मंग देवापुढं ठेवलं आन रडली. आता आयक.

डॉक्टरीणबाईचं सगळं आयकजो. गोळ्या घेजो, गोड सोडजो, पट्टी टायमावर करजो. पण चप्पल घालून देवघरात? माय वरून पाहून राहिली ना. तिनं मामाले एक डाव उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, चपला काढाले विसरला म्हणून. आठवते का? मामा दोन वर्षं बोलला नाही, तरी मायनं ऐकलं नाही. मी बी तिचीच पोरगी. माह्या सुमंतची बायको नवी नवरी असताना बाथरूमच्या स्लिपरा घालून सैपाकघरात आली होती. मी असं बोलली का ती अजून पुण्यावरून येते तं उंबऱ्यावर थबकते. डॉक्टर काय तुह्या देवघरात पाहाले येते? तितका वेळ काढून ठेव.

आन दुसरं. तुह्या आंगणात उंबराचं झाड हाय. रोज पूजा झाली का त्याले एकवीस प्रदक्षिणा घाल, अनवाणी, एक्केचाळीस दिवस. मी इकडं रामाले सांगून ठेवलं हाय. मलेही अकरा वर्षांपासून शुगर हाय, मी दिवसभर घरात आंगणात अनवाणी फिरते. मले काही झालं का? पायाले माती लागली पाह्यजे.

भाऊबीजेले तू चालत येशील. मी सांगून राहिली.

यमुताई


नागपूर
२२ एप्रिल

विषय : डावा पाय (पुढे चालू).
संदर्भ : आपले दि. ४ चे आदेश.

ताई,

आदेशानुसार कार्यवाही सुरू आहे.

दवाखान्यात पट्टी करायला इंदूबाई नावाच्या सिस्टर आहेत. दर मंगळवारी जखमेच्या कडेची मेलेली कातडी त्या पात्यानं खरवडून काढतात. मी समोर बसून बघतो, दुखत काहीच नाही. मग जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून तिचा नकाशा काढतात. मी आयुष्यभर तलावांचे नकाशे फायलीला लावले, आता माझ्या पायाचा तलाव कुणी दुसरं मोजतंय. आधी बावीस मिलीमीटर होता, अठरावर आला.

प्रगती समाधानकारक आहे. ऊन फार आहे, बेचाळीस-त्रेचाळीस. तू जप.

गिरिधर


रामटेक
२७ एप्रिल

गिरिधर,

पाह्यलं? बावीसचे अठरा झाले. मी शेजारच्या मनोहररावले पत्र वाचून दाखवलं. तो म्हणते औषधाचा गुण हाय, मी म्हटलं औषध अर्धं आन उंबर अर्धा. अठरा दिवस उरले असतीन तुह्ये. एक बी दिवस सोडजो नको.

यमुताई


नागपूर
६ मे

आदरणीय आत्याबाई,

मी अबोली, तुमच्या गिरिधरची सून. बाबांनी मला शपथ घातली होती की तुम्हाला काही कळवायचं नाही. ती मी आज मोडते आहे, रागावलात तरी चालेल.

तीन आठवडे जखम वाढत होती आणि दवाखान्यात कुणालाच कारण कळत नव्हतं. शुगर आटोक्यात होती, औषधं चालू होती. इंदूबाई दर वेळी विचारायच्या, सँडल काढता का? बाबा म्हणायचे, नाही. मी दहा वाजता बँकेत जाते, अपूर्व त्याच्याही आधी. आम्ही घरी असताना सँडल कायम पायात दिसायची.

एक मेला बँकेला सुट्टी होती. साडेअकराच्या सुमारास मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर बाबा सोवळं नेसून उंबराभोवती फिरताहेत, अनवाणी. उंबराभोवती सगळी शहाबादी फरशी आहे. मी तशीच धावत खाली आले, चप्पल घालायचंही सुचलं नाही. फरशीवर दोन पावलं टाकली आणि उडी मारून परत सावलीत आले, तळव्यांना इतका चटका बसला. बाबा मात्र शांतपणे चालत होते. त्यांना काहीच लागत नव्हतं, आत्याबाई. मी हाका मारत होते आणि ते बोटानं खूण करत होते, थांब, सहा राहिल्या.

हाताला धरून आत आणलं. डाव्या टाचेची कातडी पाण्यात भिजलेल्या कागदासारखी सुटून आली होती. जुनी जखम पस्तीस मिलीमीटर झाली होती. पाच दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाईनमधून औषधं चालली. आता डॉक्टरीणबाईही अर्ध्या पावलाचं बोलल्या. काल ताप उतरला, घरी आणलं.

प्रदक्षिणा कुणी सांगितल्या, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, माझ्याच मनात आलं. मग तुमचं चार एप्रिलचं पत्र मला त्यांच्या उशीखाली सापडलं. तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. माझं ते ऐकत नाहीत, डॉक्टरांचं अर्धं ऐकतात, तुमचं मात्र पूर्ण ऐकतात. म्हणून तुम्हीच सांगा.

तुमची,
अबोली


रामटेक
१० मे

गिरिधर,

मी माह्या हातानं लिहिलं होतं, अनवाणी. शाई बी माहीच होती. तुहा पाय मी भाजला गा बाबू. आन तू पोरीले सांगते का माह्याच मनात आलं? लहानपणी मी बरणी फोडली तवा बी तू मायले असंच सांगतलं होतं. तवा शहाणा होता, आता नाही. मले वाचवाले तू आपला पाय देऊन राहिला होता. असा भाऊ मले नाही पाह्यजे. मले दोन पायाचा पाह्यजे.

तीन दिवस जेवण गेलं नाही. काल अकराले मी माह्या आंगणातल्या फरशीवर अनवाणी उभी राह्यली, तुले काय झालं असन ते पाहाले. पाच-सात मिनिटं उभी होती. मले तं काही एवढा चटका लागला नाही. तुमच्याकडचं ऊनच वाईट दिसते.

आता माह्ये आदेश बदलले. प्रदक्षिणा बंद. रामाले मी सांगतलं, तुह्या वाटच्या मी घालीन. आन देवघराचं बी सांगते. तीन रात्री इचार केला. आपले आजोबा पूजेले लाकडाच्या खडावा घालून बसत. त्या घराबाहेर कधी गेल्या नाही, म्हणून मायनं त्याईले कधी हटकलं नाही. आन रामाच्या पादुका तं भरतानं गादीवर ठेवल्या होत्या. मंग पायात काही असनं हे पाप कसं? बाहेरची घाण आत आणनं हे पाप.

तवा असं कर. तुह्या मापाची नवी चप्पल शिवून घे, चामडं नको. ती दाराबाहेर जाऊ देजो नको, पह्यल्या दिवशी देवापुढं ठेव, कुंकू लाव, आन मंग पायात घाल. देवघरात घाल, सैपाकघरात घाल. मायले मी उत्तर देईन. आन दोन जोड करजो. एक मनोहररावजवळ दे, तो महिन्याच्या शेवटी कोर्टाच्या तारखेले नागपूरले येऊन राहिला. ती जोड माह्या सैपाकघरात राहीन, तू भाऊबीजेले येशील त्याच्यासाठी.

येशील ना गा?

तुही ताई


नागपूर
२१ मे

ताई वं,

आज विषय नाही, संदर्भ नाही. मी खोटं लिहिलं होतं. ते अठरा दोन आठवडे आधीचे होते. बावीस एप्रिलला जखम चोवीसची झाली होती आणि मी कागदावर समाधानकारक असं लिहिलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अशा अहवालांवर मी लाल शाईनं शेरे मारले.

काहून लिहिलं, ते सांगतो. जखम वाढली तसं मले भेव वाटाले लागलं. प्रदक्षिणेनं वाढली असं कळलं असतं तर तू जन्मभर स्वतःले लावून घेतलं असतं. म्हणून मी ठरवलं, एक्केचाळीस पूर्ण करतो, देव काय ते पाहील. बुद्धी चालत नव्हती. दवाखान्याच्या खाटेवर मले फक्त एक गोष्ट दिसत होती, का रामटेकले बसमधून मले दोघंजण धरून उतरवून राहिले आणि तू फाटकात उभी. मले ते नको होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. इंदूबाई रागावल्या. म्हणाल्या, तुमच्या बोलण्यावर आता माझा विश्वास नाही, काढता येणार नाही अशीच वस्तू घालते. औषधांनी संसर्ग हटल्यावर काल गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. त्याच्या आत पायाचा भार सगळ्या पोटरीवर वाटला जातो, जखम अधांतरी राहते. आठवड्याला उघडतात, जखम मोजतात, पुन्हा घालतात. बारा आठवडे नव्यानं मोजायचे. घरातल्या घरात चार पावलं, बाकी पाय उशीवर.

तुझं पत्र अबोलीनं मोठ्यानं वाचलं. खडावांपाशी आली आणि तिनं कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.

जरीपटक्याच्या बाजारात ओमप्रकाश नावाचा कारागीर आहे, दवाखान्याचे सगळे पेशंट त्याच्याकडेच जातात. मऊ काळं रबर, टाचेला पट्टा, एकही खिळा नाही, सगळं चिकटवलेलं. अबोलीनं त्याला सांगितलं की ह्या देवघरासाठी आहेत. त्यानं हात धुतले आणि मग माप लिहून घेतलं.

एक विचारतो. त्या दिवशी आंगणात तू खरंच पाच-सात मिनिटं उभी होतीस?

गिरिधर


रामटेक
२ जून

गिरिधर,

हो, सात मिनिटं. घड्याळ समोर होतं. तुले कायले पाह्यजे? तू आपल्या पायाचं पाह्य.

चपला मनोहररावनं आणून देल्या. मी सैपाकघरात चुलीच्या ओट्याखाली पाटावर ठेवल्या हायत. मनोहरराव दारातून पाहून म्हणते, यमुताई, जग बुडालं का? मी म्हटलं, अजून नाही, भाऊबीजेपर्यंत थांबा.

आकडा खरा कळवजो.

यमुताई


नागपूर
२९ जुलै

विषय : डावा पाय.
संदर्भ : माझा पुनर्जन्म.

ताई,

पस्तीस. एकतीस. सव्वीस. बावीस. सतरा. तेरा. नऊ. पाच. दोन. हे दर मंगळवारचे खरे आकडे, इंदूबाईंच्या सहीचे.

आज प्लास्टर कापलं. इंदूबाईंनी प्लास्टिक ठेवलं, पेन हातात घेतलं, आणि तसंच धरून बसल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काका, काढायला काही राहिलंच नाही."

गुलाबी कातडी आहे, नवी. जखम बंद, भाजलेली टाचही भरली. पाय माझा.

ज्या डॉक्टरीणबाई कधी हसत नाहीत त्या हसल्या. अबोली दवाखान्यातच रडली आणि अपूर्वनं बाहेरच्या टपरीवर अनोळखी माणसांना चहा पाजला. मला बिनसाखरेचा.

इंदूबाईंनी निघताना दम भरला की ही फाइल बंद होत नाही. नवी कातडी नाजूक असते, पाय बधिर ते बधिरच. रोज आरशात तळवा बघायचा, बुटात हात घालून झटकायचा, एक पाऊलही अनवाणी नाही. मी देवघरात कुंकू लावलेली चप्पल घालून उभा राहिलो आणि आधी आईची माफी मागितली. मग वाटलं, माफी कशाची? मी आनंदानं आरती म्हटली, बेसूर, पूर्ण.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. तोवर हळूहळू चालणं वाढवायचं. स्टँडवर न्यायला कुणी येऊ नये.

दोन पायांचा,
गिरिधर


रामटेक
२४ ऑक्टोबर

अबोली बाई,

काल तू तुह्या भावाकडं होती, तुले काही दिसलं नाही. तुह्या सासऱ्याले विचारशील तं तो चार ओळीचा अहवाल देईन. म्हणून मीच लिहून राहिली.

मी फाटकात उभी होती. वळणावर तो दिसला. रिक्षावाला बाजूनं चालत होता, त्याले हातानं नाही म्हणे. पायात ओमप्रकाशचे बूट, हातात पिशवी, काठी नाही. मधात देवळाच्या कट्ट्यावर दोन मिनिटं बसला, तितकं डॉक्टरीणबाईनं सांगतलंच हाय. मंग उठला. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही, खाली पाहत होती. डावा, उजवा, डावा, उजवा. फाटकाजवळ आला तं म्हणते, "ताई, मोज, दोन्ही हायत." मी भर रस्त्यात त्याच्या गळ्यात पडली. मनोहररावनं तोंड तिकडं केलं.

सैपाकघराच्या उंबऱ्यावर त्यानं बूट काढले आन जुन्या सवयीनं अनवाणीच पाय आत टाकाले गेला. एक्कावन्न वर्षं त्या उंबऱ्यावर मी एकच गोष्ट ओरडली, चपला काढा. काल ओरडली, "गिरिधर, चप्पल घाल!" तो बी थांबला आन मी बी. मंग दोघं असे हसलो का मांजर ओट्यावरून पळालं. पाटाभोवती रांगोळी होती, पाटाजवळ त्याची चप्पल. ती घालून तो पाटावर बसला, माह्या सैपाकघरात चप्पल घालून बसलेला पह्यला माणूस. मी ओवाळलं. माय काही बोलली नाही.

मंग मी म्हटलं, तळवा दाखव. त्यानं दाखवला. रुपयाएवढा डाग हाय, चमकदार. मी अंगठ्यानं दाबून पाह्यलं, लागते का म्हटलं. नाही म्हणे, काहीच नाही. तवा मले रडू आलं. एवढं सगळं झालं आन पायाले त्यातलं काहीच ठाऊक नाही.

तो म्हणते, आता तुह्ये दाखव. मी म्हटलं, माह्याले काय झालं? तं म्हणते, "मे महिन्यात सात मिनिटं फरशीवर उभी होती तू. अबोलीले दोन पावलं टाकवली नाही. ऊन सारखंच होतं, ताई."

बाई, पाच महिने त्यानं ते मनात ठेवलं. पत्रात लिहिलं असतं तं मी कागद फाडून फेकला असता, हे त्याले माहीत होतं. त्यानं खाली बसून माह्ये पाय मांडीवर घेतले. मोठा भाऊ असता तं घेऊ देले नसते, पण लहान हाय. चष्मा लावून पाह्यलं, पेनाच्या टोपणानं ठिकठिकाणी टोचलं. दहापैकी तीन ठिकाणी कळलं. उजव्या टाचेच्या भेगेत खोल चीर होती, वाळलेल्या रक्ताची. मले पत्ता नव्हता. म्हणते, अजून काही बिघडलं नाही, वेळेवर सापडलं.

आन मंग ओवाळणी काढली. दरवर्षी लुगडं आणते, मी दरवर्षी म्हणते कायले आणलं. औंदा पिशवीतून कागदात गुंडाळलेली चप्पल निघाली, माह्या मापाची, काळी, एकही खिळा नाही. जुनी चप्पल मोजून माप मनोहररावनं पोचवलं म्हणे, मले न सांगता. संगं हातात धराचा आरसा. ताटाजवळ चपला ठेवाच्या कशा, म्हणून त्यानं आधी देवापुढं ठेवल्या, कुंकू लावलं, जसं मी लिहिलं होतं तसंच. माह्याच शब्दानं मले बांधलं त्यानं.

आज सकाळी त्या घालून पूजा केली, त्या घालूनच सैपाक केला. पाय माहा हाय का दुसऱ्याचा असं वाटून राहिलं, पण सवय होईन. येत्या मंगळवारी धंतोलीले येऊन राहिली. इंदूबाईले नंबर लावाले सांग, आन बाहेरच्या बुटाचं माप घ्याले ओमप्रकाशले बी.

सुमंतच्या बायकोले आजच पत्र टाकलं. लिहिलं का पुढच्या डाव येशील तं नव्या स्लिपरा घेऊन ये, सैपाकघरात घालाले, आन उंबऱ्यावर थांबजो नको.

तुही आत्याबाई,
यमुताई